पायाळूचा नारळ

कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते, अन् माझी भाची माझ्याच वर्गात बसते. जमिनीखाली पाणी कसं साठते, हे तिनं गेल्या परीक्षेत चित्र काढून लिहिलं होतं. रायपूरच्या खाली चुनखडी आहे, तिच्या भेगांतून वरची घाण न गाळता खाली उतरते, हेही लिहिलं होतं. मीच तपासला होता तो पेपर.

मग दादानं शंकर नगरच्या घरी बोर करायचा ठरवला. जागा दाखवायले मी गेले, तर अंगणात ही पोट्टी तळहातावर नारळ घेऊन अनवाणी फिरून राहिली होती. ती पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूच्या हातावरचा नारळ पाणी असलेल्या जागी उभा राहतो, असं आमच्या घरात मानतात. नारळ उभा राहिला तो नेमका संडासाच्या टाकीजवळ. माझं डोकंच फिरलं.

"दादा, इथं बोर नको. घरात तान्हं लेकरू आहे."

"तुझं पुस्तक कॉलेजातच ठेव," दादा म्हणाला.

मी भाचीकडे वळले. "तू काहून गप्प? सांग ना बापाले."

"आत्या, मिट्टी सब छान लेती है ना," ती खाली पाहत म्हणाली.

वीतभर माती, अन् ही तिले गाळणी समजते! अख्खी बॅच अशीच आहे. पेपरात भेगा लिहितात, अन् घरी गेले की यांच्या जमिनीखाली नद्या वाहतात. मग मी फळ्यावर काय डोंबल खरडून राहिली होती?

बोर तिथंच झाला. पाणी लागलं. चार हात पलीकडे खोदलं असतं तरी लागलं असतं, पण ऐकते कोण? पंप बसला त्या दिवशी दादानं मुद्दाम पहिला गिलास माझ्यापुढे धरला. "पी आता, मॅडम."

मी तो भाचीच्या हातात दिला. "तू शोधलेलं पाणी. तूच पी."

तिनं गिलास तोंडाशी नेला, टाकीच्या झाकणाकडे पाहिलं अन् खाली ठेवला. तेवढ्यात तिची भाभी लेकराची दुधाची बाटली भरायले नळाशी आली. भाचीनं धावत जाऊन नळ बंद केला. "भाभी, ये मत देना उसको."

म्हणजे सगळं माहीत होतं तिले. दादा तिच्याकडे पाहतच राहिला. "मग नारळ काहून धरला?"

"आप सब इतने खुश थे," ती म्हणाली.

इतका राग मले नारळाचाही आला नव्हता.