भट्टीवरचा रिलीव्हर

आधीच सांगून ठेवते – मी भूतबीत मानणाऱ्यांतली नाही. भिलाईत नेहरू नगरला अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवते, आणि "मॅडम, ते असंच येतं" हे उत्तर मी आजवर एकाही पोराकडून ऐकून घेतलेलं नाही. या सदरातले अनुभव वाचताना निम्म्या वेळा मला हसू येतं. झाडाखाली पांढरी साडी दिसली म्हणे... अहो, कोणी वाळत घातली असेल! तेव्हा मीच इथे लिहायला बसले आहे म्हणजे सगळे इलाज थकले, असं समजा.

मला कॉम्प्युटर गेमचा नाद आहे, कॉलेजपासून. गोळीबाराचे नाही, राज्य उभारायचे. नदीकाठी चार झोपड्या टाकायच्या, मग शेती, रस्ते, लोखंड असं करत करत एक अख्खी संस्कृती उभी करायची. सुधीर, म्हणजे माझा नवरा, बँकेत आहे. राज्यकारभार आटोपला असेल तर कणीक मळून दे, असं तो मला रोज ऐकवतो. मी मळत नाही. तोच मळतो.

आता नानांबद्दल सांगते, कारण गोष्ट खरी त्यांचीच आहे.

नाना माझे वडील. मूळचे वर्ध्याकडचे, पण सगळी नोकरी इथल्या स्टील प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंडाच्या मोठ्या भट्टीवर. आई गेल्यावर मी त्यांना रुआबांध्याहून, प्लांटवाल्यांच्या वस्तीतून, आमच्या घरी आणलं. हळूहळू त्यांची आठवण विरत चालली. नातेवाइकांची नावं गेली, आईचं जाणं गेलं, पण ड्युटी मात्र राहिली. दुपार झाली की हॉल आणि व्हरांड्याच्या मधल्या दारात जाऊन ते उभे राहायचे. बसायचे नाहीत, जेवायचे नाहीत.

"नाना, चला, जेवून घ्या."

"माहा रिलीव्हर नाही आला अजून. पोस्ट सोडून कसा येऊ?"

प्लांटवाल्यांच्या घरांत हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. भट्टी कधी बंद नसते. तुमची शिफ्ट संपली म्हणून तुम्ही निघून जाऊ शकत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिला पाहिजे, त्याला चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, द्यायचा आणि मगच निघायचं. तो आला नाही तर तुम्ही तिथेच. माझ्या लहानपणी कितीतरी वेळा आई ताट झाकून बसलेली असायची आणि विचारलं की एकच उत्तर – रिलीव्हर आला नसेल.

नानांचा रिलीव्हर वर्षानुवर्षं एकच, देवांगन काका. ते वारले त्याला आता बराच काळ झाला.

आम्ही काय काय नाही केलं! सुधीर स्कूटरचं हेल्मेट घालून फाटकातून आत आला आणि म्हणाला, नाना, मी आलो, तुम्ही जा आता. नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जावईबापू, तुमची बँक आहे. भट्टीवर काय काम तुमचं?"

मी एकदा थाप मारली की देवांगन काका आले आहेत, कँटीनमध्ये चहा घेत आहेत. नाना शांतपणे म्हणाले, "आला असता तर त्यानं मले सांगितलं असतं." कसं सांगितलं असतं, ते मी विचारलं. त्यावर ते नुसते हसले, जणू मी प्लांटचं गुपितच मागत होते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांना शुगर आहे. उपाशी उभं राहून पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि एका दुपारी ते त्याच दारात कोसळले. डॉक्टर म्हणाले, आता दुपारी झोपेची गोळी देऊ, दुसरा मार्ग दिसत नाही. गोळीने माणूस गुंगीतच राहणार, हे त्यांनी लपवलं नाही. नागपूरहून भावाचा फोन आला, त्याने तर तिकडच्या एका वृद्धाश्रमाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. जो माणूस जन्मभर जागा राहून भट्टी सांभाळत आला, त्याला मी झोपवून ठेवायचं? पण गोळ्या आणल्या. सोमवारपासून सुरू करायच्या ठरल्या.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी नवा गेम लावला. खरं सांगायचं तर डोकं दुसरीकडे गुंतवायला. नवा गेम आला की मी पहिला डाव स्क्रीन रेकॉर्ड करते आणि आमच्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर माझं मत टाकते. तिथे माझ्या मताला वजन आहे, उगाच नम्रपणा कशाला!

तर पहिलं मत असं – चित्रं सुरेख, नदीचं पाणी तर हात घालावा असं. अक्षरं मात्र मुंगीएवढी. सल्लागार म्हणून एक दाढीवाला दिला आहे, तो सारखा मध्ये मध्ये बोलतो, त्याचं तोंड मी आधी बंद केलं. एक गोष्ट आवडली. इतर गेममध्ये माणसं म्हणजे नुसते ठिपके असतात, इथे जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक जण आपापलं काम करताना दिसतो. मी गावाचं नाव रुआबांधा ठेवलं. दगड, तांबं असं करत जेवणाच्या वेळेपर्यंत लोखंडाच्या युगात पोचले आणि नदीकाठी पहिली भट्टी उभारली.

नाना नेहमीप्रमाणे दारात उभे होते. माझं टेबल हॉलमध्येच आहे, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. सुधीर आत ताटं घेत होता, पण त्यातही जीव नव्हता. नाना जेवणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

गेममध्ये भट्टीवर एक कामगार आला. गळ्यात पंचा, अंगाने किरकोळ. इतर कामगार येतात ते सरळ फावडं उचलतात. हा भट्टीसमोर येऊन थांबला आणि वळला. मी त्याला कोळशाच्या खाणीवर पाठवायला क्लिक केलं, हलला नाही. परत केलं... नाही. नवा गेम, काहीतरी गडबड राहिली असणार, असं म्हणून मी त्याला जवळ घेऊन पाहायला लागले.

त्याने उजवा हात डोक्यावर नेला. टाळूवर दोनदा थापटलं. मग तळवा छातीला लावला आणि तोच हात बाहेरच्या बाजूला लांब केला, वाट दाखवावी तसा.

माझ्या मागे दाराची कडी वाजली. नानांनी दार सोडलं होतं. ते माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, चेहरा एकदम ताजा. त्यांनीही आपल्या डोक्यावर दोनदा थापटलं.

"चार्ज ले लो, देवांगन," ते म्हणाले. "पानी का प्रेशर जरा कम है, देखते रहना."

देवांगन काकांशी ते हिंदीच बोलायचे. मग वळून चपला काढल्या, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि ताटावर येऊन बसले.

"बेबी, वाढ लवकर. लय भूक लागली."

सुधीर भाताचा डाव माझ्या हातात देऊन बाजूला झाला. मी वाढलं. नाना दोनदा भात घेऊन जेवले आणि भिंतीला टेकून झोपी गेले. गोळीशिवाय.

तेव्हापासून ते दारात उभे राहिलेले नाहीत. पायाची सूज उतरली. गोळ्यांचं पाकीट फोडावंच लागलं नाही, आणि नागपूरचा विषय मी भावाला पुन्हा काढू दिला नाही.

पण मी गणितवाली आहे, मला पायऱ्या लागतात. रेकॉर्डिंग पाहिलं – आहे, खूण अगदी स्पष्ट आहे. म्हणजे भास नाही. गेममध्येच कामगाराची ही एक सवय टाकली असेल म्हणून ग्रुपवर विचारलं. कोणालाही दिसलेली नाही. मी स्वतः नवा डाव मांडून भट्टीवर नजर रोखून बसले. कामगार घाम पुसतात, फावड्याला टेकतात, जांभई देतात. बस.

उरली एकच शक्यता, ती खूण मुळात काहीच नसेल आणि नानांच्या मनाने तिचा अर्थ लावला असेल. सुधीरचंही तेच म्हणणं होतं. म्हणून मी रुआबांध्याला देवांगन काकूंकडे गेले. काकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी काहीही सुचवलं नाही, रेकॉर्डिंगही दाखवलं नाही. फक्त विचारलं, काका ड्युटीवर पोचले की आमच्या नानांना कसं कळवायचे?

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. टाळूवर दोनदा थापटलं, तळवा छातीला लावला आणि हात बाहेर लांब केला.

"जा, मैं आ गे हंव," त्या छत्तीसगढीत म्हणाल्या. जा, मी आलो आहे. भट्टीच्या आवाजात काही ऐकू येत नसे म्हणून दोघांनी मिळून ती खूण ठरवली होती. टाळूवर थापटणं म्हणजे हेल्मेट, ड्युटीवर हजर. पुढे काकांना कमी ऐकू यायला लागलं, बोलणंही कमी झालं, तेव्हा नातवाला काकूंच्या कडेवरून घेतानाही ते हीच खूण करायचे. एवढं सांगून काकूंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

मी या सगळ्याचं उत्तर काढू शकलेले नाही. तुमच्यापैकी कोणी काढलं तर पायऱ्यांसकट पाठवा, नुसतं "अशा गोष्टी असतात" चालणार नाही. तो डाव मी तसाच ठेवला आहे. कॉम्प्युटर जड झाला, जुनं काही उडव, असं सुधीर म्हणतो. बाकीचं उडवलं, तो डाव नाही.

एकदा घरात कोणी नसताना मी तो उघडला. माणूस तिथेच होता, भट्टीसमोर, पंचा गळ्यात. नानांना त्याने मोकळं केलं, पण याला मोकळं कोण करणार? मी स्क्रीनसमोर उभी राहिले, टाळूवर दोनदा थापटलं, तळवा छातीला लावला, हात बाहेर लांब केला. जा काका, मी आले.

तो हलला नाही. बराच वेळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग भट्टीकडे वळला. बरोबरच आहे म्हणा. गणिताच्या बाईचं भट्टीवर काय काम?