रिकाम्या खुर्चीशी बोलले आणि उत्तरं चामराजपेटहून आली

तुमच्या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतेय आणि खरं सांगते, बहुतेक वेळा चहा पिता पिता हसत वाचलेत. पांढऱ्या साडीतल्या बाया, छुमछुम पैंजण... माझा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कुणी 'आपोआप झालं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो — पुन्हा करून दाखवता येईल का? त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही मराठी, पण बेंगळुरूच्या चामराजपेटचे, तीन पिढ्यांपासून इथलेच. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचं दुकान होतं, आता बंद केलंय. वय चौऱ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, बोलणं मोजकं. नऊ वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून एक बॅग घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले होते. तो हात उचलतो, हे स्पष्ट सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, "स्वल्प सोसून घे, सगळं सरी होईल" (आमच्या कन्नडमिश्रित मराठीत — थोडं सोस, ठीक होईल) म्हणाले, स्वतः खाली येऊन ऑटो थांबवला आणि बॅग आत ठेवली. मी परत गेले.

पुढे दीड वर्षानं मी एकटीच बाहेर पडले, घटस्फोट घेतला. आता जे. पी. नगरला राहते. चामराजपेटला गणपती-दिवाळीला जायचं, दोन तास पाहुण्यासारखं बसायचं आणि परत यायचं. त्या संध्याकाळबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

गेल्या काही महिन्यांत झोप उडाली, सगळ्यांवर खेकसायला लागले, तेव्हा मैत्रिणीनं ढकलून काउन्सेलरकडे पाठवलं. मॅडम मंगळूरच्या, त्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही. आमचं सगळं इंग्लिशमध्ये चालतं. एका शनिवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर वेताची रिकामी खुर्ची ठेवली. वडील इथं बसलेत असं समज आणि जे साचलंय ते बोल, म्हणाल्या. तुझ्याच भाषेत बोल, मला नाही समजलं तरी चालेल. मला पोरखेळ वाटला. पण राग घरच्याच भाषेत येतो हो... एकदा तोंड उघडलं आणि थांबताच येईना. मी ठरवूनच गेले होते — आज सगळं ओकून टाकायचं आणि चामराजपेटला जाणं कायमचं बंद.

काय बोलले ते मला क्रमानं आठवतंय. अण्णा, मी सांगितलं ते नीट ऐकलं होतंत ना? मग परत का पाठवलंत? लोकांची भीती वाटली? ती निळी बॅग स्वतःच्या हातानं ऑटोत ठेवताना काहीच वाटलं नाही? प्रत्येक प्रश्नानंतर मी रडत होते, गप्प बसत होते. शेवटी आणखी एक गोष्ट ओठांवर आली होती, ती मात्र बोलले नाही.

बारा वाजता खाली फुटपाथवर येऊन फोन चालू केला, तर आईचे चार मिस्ड कॉल आणि एक व्हिडिओ. मी फोन लावला. आई कुजबुजत बोलत होती.

"अगं, ह्यांना काय झालंय बघ. समोरच्या खोलीत नुसते भिंतीकडे बघत बसले होते. हाक मारली तर वळेनात. मग एकटेच काहीतरी पुटपुटायला लागले. मला वाटलं विसरण्याचा रोग लागला, म्हणून डॉक्टरांना दाखवायला फोनमध्ये घेतलं."

"आता कसे आहेत?"

"आता पेपर वाचतायत, कॉफी मागितली. तू ये गं स्वल्प."

व्हिडिओ अकरा मिनिटांचा. सुरू झालेला सव्वाअकराला. मॅडमच्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे, मी बोलायला लागले तेव्हाही सव्वाअकराच वाजले होते.

"हो. सगळं ऐकलं होतं," अण्णा म्हणत होते. मग शांतता. "का म्हणजे... मला दुसरं काही सुचलं नाही." पुन्हा शांतता. "भीती होतीच लोकांची. खोटं कशाला बोलू."

प्रत्येक शांततेत माझा एकेक प्रश्न बरोबर बसत होता. तरी डोकं म्हणत होतं, आपणच जुळवतोय, अशी उत्तरं कुठल्याही प्रश्नाला चालतात. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "निळी नव्हती गं. हिरवी होती."

मी व्हिडिओ मागे नेऊन ते वाक्य पुन्हा ऐकलं. हिरवीच होती ती. निळी मी घटस्फोटानंतर घेतली.

व्हिडिओच्या शेवटी अण्णा म्हणाले, "कोपऱ्यावर ऑटो थांबवून बसली होतीस ना. वरून दिसत होतं. खाली यायला चप्पल घातली होती मी. दाराची कडी काढली... आणि तिथंच उभा राहिलो."

मी न बोललेली गोष्ट हीच होती. त्या संध्याकाळी अर्धा तास मी कोपऱ्यावर थांबले होते, अण्णा येऊन परत नेतील म्हणून. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, मॅडमनाही नाही.

त्या दिवशी घरी जायचं धाडस झालं नाही. पुढच्या शनिवारी मी मॅडमकडे पुन्हा त्याच खुर्चीशी बोलले, तिकडे आईला पहाऱ्यावर बसवलं. अण्णा पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. डॉक्टरांनी तपासलं, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी निघाली. मग मात्र मी तो व्हिडिओ घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि खुर्चीचा सगळा प्रकार सांगितला.

अण्णांनी अकराच्या अकरा मिनिटं ऐकलं.

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले. "पण हे मी कधी कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

"मग खोटं आहे का?"

"नाही. खरं आहे सगळं." त्यांनी फोन परत दिला. "चुकलो मी. पण तू काय विचारलंस ते यात नाहीच. ते सांग मला."

मॅडम याला योगायोग म्हणतात, आई देवाचं काहीतरी म्हणते. मला दोन्ही पटत नाही, आणि तिसरं काही सुचतही नाही. त्या दुपारी मी अण्णांना सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, एकेक करून, मधे थांबत. या वेळी एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. अण्णा माझा हात धरून नुसते रडत होते.