ठमाबाईच्या डब्यात काय?

बेसन घोटून झालं होतं. ओल्या फडक्यावर ठमाबाईनं त्याची पोळी थापली होती आणि सारण पसरायचं निम्मं राहिलं होतं, तेवढ्यात ओट्यावरून रखमाजीची हाक आली.

"अगं ये, माझी गोळी कुठं ठेवली?"

"रोज असती तिथंच हाय!"

मासवडीचं एक असतं. पीठ गरम आहे तोवरच हात चालवावा लागतो. गार झालं की वडी दुमडताना चिरा पडतात, मग आत भरलेलं तीळखोबरं बाहेर डोकावायला लागतं. रखमाजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसाला गोळी सापडत नाही ती नेमकी बायकोचे हात भरलेले असतानाच.

शेवटी तो स्वतःच आत आला, फळीवरची गोळी उचलली आणि परातीकडं बघून थबकला.

"मासवडी? अगं पण आज तर..."

"आज गुरवार हाय आन गुरवारी दुधी असतो, माहितीये मला. तुमचा दुधी शिजवून ठेवलाय. आता एक शब्द बोलू नका."

रखमाजी बोलला नाही. गोळी घेतली, पाणी प्यायला आणि टॉवेल खांद्यावर टाकून गोठ्याकडं निघून गेला. ठमाबाईनं चिमूटभर सारण जिभेवर ठेवलं. मीठ कमी होतं. मीठ टाकून पुन्हा चाखलं. आता बरोबर होतं. तिनं फडक्याच्या काठानं वडी दुमडली, दाबली, आणि देवाशप्पथ एकसुद्धा चीर पडली नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका दुपारच्या खेळासाठी.

महाळुंगे पडवळला कांद्याच्या खुरपणीच्या दिवसांत बाई मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. म्हणून चौघीजणींनी सावड धरली होती. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. ठमाबाई, तिच्या बरोबरीची लंकाबाई, मेंढरं विकून आता शेती करणारी तुकाबाई आणि या तिघींना मावशी म्हणणारी भागू. दुपारी चौघींच्या सामाईक बांधावरच्या जांभळीखाली फडक्यात बांधलेले डबे मधोमध ठेवायचे आणि गाठ सुटायच्या आधी आत काय आहे ते ओळखायचं. डबा हातात घ्यावा, वास घ्यावा, हलवून बघावा, पण नाव एकच सांगायचं. जिचा डबा सगळ्यांत आधी ओळखला जाईल तिनं कळशी घेऊन विहिरीवर जायचं. विहीर उसापलीकडं. बिबट्याचं भ्या, म्हणून कळशीवर दगड आपटत, मोठमोठ्यानं बोलत जावं लागे. हरलेली बाई अशी वाजतगाजत जायची आणि बाकीच्या जांभळीखाली पाय पसरून हसायच्या.

ही हरलेली बाई बहुतेक वेळा ठमाबाईच असायची.

त्याला कारण रखमाजी. त्याला साखरेचं दुखणं लागलं तेव्हा डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की भाज्या खा, भात कमी करा. वारांची वाटणी रखमाजीनं स्वतःच्या डोक्यातून काढली. सोमवारी दोडका, मंगळवारी कारलं, बुधवारी मेथी, गुरुवारी दुधी, शुक्रवारी शेपू. पुढच्या तपासणीत साखर खाली आली. मग काय! ही साखर या वारांनीच उतरवली असं त्याच्या मनानं घेतलं. एकदा ठमाबाईनं मंगळवारी मेथी केली तर तो ताटावरून उठला होता. जुन्नरची एसटी एखाद्या दिवशी चुकेल, पण रखमाजीची भाजी चुकायची नाही. आणि दोन माणसांच्या घरात दोन भाज्या कोण करणार? मुलगा-सून चाकणला. त्याचंच ताट तिचंही ताट, तेच डब्यात.

लंकाबाईला तर सगळे वार पाठ झाले होते. "खेळाची सुरुवात सोप्यापासनं करावी," असं म्हणून ती पहिलं बोट ठमाबाईकडं करायची. "ठमे, आज मंगळवार. कारलं. उचल कळशी."

पाण्याला जायचं दुःख नव्हतं. गुडघे कुरकुरायचे, पण तेही चाललं असतं. ठमाबाईला झोंबायचं ते वेगळंच. तुकाबाईचा डबा सगळ्या जणी हातोहात फिरवायच्या, भागूचा तर नाकाला लावून भांडायच्या, "वांगं हाय", "छट्, हुलगा हाय". आणि तिच्या डब्याला कुणी हातही लावत नव्हतं. न बघता, न हुंगता, अंगावरची माशी हाकलावी तसं ओळखून टाकायच्या. एकदा, फक्त एकदा आपला डबा कुणीतरी हातात घ्यावा, नाकाला लावावा, डोकं खाजवावं आणि चुकावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून मासवडी. रखमाजीच्या कुठल्याच वारात न बसणारी, सणासुदीला पाव्हण्यांसाठी करायची वस्तू. खुरपणीच्या दिवशी कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आदल्या दिवशी तिनं रखमाजीचं जुनं धोतर धुऊन दोन तुकडे केले आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर वाळत टाकले. सकाळी एक तुकडा वड्या थापायला काढला, दुसरा तिथंच राहिला. वड्या कापून रबराच्या झाकणाच्या डब्यात घातल्या, म्हणजे वास फुटायला नको. वर दोन भाकरी, वर स्वच्छ फडकं, वर घट्ट गाठ.

त्या दिवशी सावड लंकाबाईच्या वावरात होती. सकाळभर ठमाबाईचं खुरपं नेहमीपेक्षा जोरात चाललं.

"आज काय अंगात आलंय का गं?" तुकाबाई म्हणाली. "कांदं ठिव जाग्यावर, नुसतं गवत काढ."

दुपार झाली. डबे मधोमध आले. ठमाबाईनं आपला डबा मुद्दाम लंकाबाईच्या हाताशी सरकवला आणि तोंड दुसरीकडं केलं, जणू काही तिला पर्वाच नाही.

लंकाबाईनं डब्यांकडं बघितलं आणि हात झटकले. "आज खेळायला काय राम हाय का? चतुर्थी. आपल्या तिघींची खिचडी आन तुकाबाईची भाकर."

"आमचा उपास रविवारी, खंडोबाचा," तुकाबाई म्हणाली. "तुमचं तुमी बघा."

ठमाबाईनं झटकन मान वळवून आपल्या डब्याकडं बघितलं.

"खरं सांगू का मावशी," भागू तिच्याकडं वळून म्हणाली, "मी इसरणारच व्हते. दरवेळी तुमी आदल्या दिशी बांधावरनं वरडता, 'उद्या चतुर्थी गं, साबुदाणा भिजत घाला.' काल तुमची हाकच न्हाई आली. मोबाइलमधी दिसलं म्हणून बरं."

खिळा. ठमाबाईच्या डोळ्यांपुढं तो खिळा आला. त्याच खिळ्याला कॅलेंडर होतं आणि त्या कॅलेंडरवर काल सकाळपासून रखमाजीचं धोतर वाळत होतं. आणि सकाळी तो म्हणाला ते "आज तर..." तेही आठवलं. इतक्या वर्षांत एक चतुर्थी चुकली नव्हती. बाळंतपणात नाही, तापात नाही. ओझरच्या गणपतीचा फोटो देव्हाऱ्यात मधोमध, त्याच्यासमोर उभं राहून तिनं आज सकाळी दिवासुद्धा लावला होता. दिवा लावला आणि आत जाऊन दोनदा सारण चाखलं.

"तर मग सुरुवात सोप्यापासनं," लंकाबाई म्हणाली. "ठमे, तुझी खिचडी. उचल कळशी."

आजही डब्याला हात लावला नाही.

ठमाबाईनं कळशी उचलली आणि ती चालायला लागली. उसाच्या कडेला आल्यावर दगड आपटायला लागली आणि मोठ्यानं बोलायलाही लागली. बिबट्याला घालवायला काहीतरी बोलायचंच असतं, तेव्हा मनातलंच बोलावं.

"एक वाक्य पुरं करता येत न्हाई ह्या माणसाला! इतर वेळी गप म्हणलं तर गप बसत न्हाई, आज बरा गप बसला!" टण्. "आन ही लंकी! हिच्या नाकाला काय सोनं लागलंय, माझा डबा हुंगला तर?" टण्. "खिळा तरी दुसरा ठोकायचा व्हता, भिंत काय लहान व्हती?" टण्. मग तिनं वर बघितलं. "आन तू रं बाप्पा? साऱ्या जगाची विघ्नं हरतो, तुला एक धोतर बाजूला करता येईना?"

हे बोलली आणि तिनं लगेच कान धरले.

विहिरीवर कळशी भरताना तिला वाटलं, आता पोट दुखतंय म्हणावं, डबा न सोडता घरी न्यावा. कुणाला कळणार नाही. पण गेल्या वर्षी भागूनं उपासाला चुकून बिस्किट खाल्लं होतं आणि रडवेली झाली होती, तेव्हा हिनंच तिला शहाणपण शिकवलं होतं, की चुकून खाल्लं तर देव माफ करतो, लपवलं तर करत न्हाई. आपलंच बोलणं असं वाट अडवून उभं राहिलं. शिवाय डबा घरी नेला तर ती मासवडी संध्याकाळी रखमाजी दुधीच्या जोडीला खाणार. एवढी राबून केलेली, चीर न पडलेली मासवडी, आणि ती त्याच्या पोटात! देवाची भीती मोठी की हा राग मोठा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती तरातरा परत आली, कळशी खाली आदळली, मांडी घातली आणि डब्याची गाठ सोडली.

"खिचडी न्हाई," ती म्हणाली. "मी हरले न्हाई. तुमी कुणी वळखलं न्हाई."

भाजलेल्या तिळाचा आणि लसणाचा वास जांभळीखाली पसरला. मग लंकाबाईच्या तोंडून आलं, "अगं बया! चतुर्थीला मासवडी? ठमे, तू?"

"इसरले."

"तू इसरलीस? मागच्या चतुर्थीला वेफर्सच्या मसाल्यात कांदा असतो म्हणून माझ्या तोंडातलं थुकायला लावलंस तू! आन आज सोता लसूण घालून..." ती पुढं वाकली. "चाखलंस का?"

"चाखलं. दोनदा."

भागूनं पदर तोंडात कोंबला, पण हसू काही थांबेना. मग लंकाबाई सुटली आणि तुकाबाईही. ठमाबाई ताठ बसून राहिली.

"हसा. पण सांगा, वळखलं का कुणी?"

"न्हाई वळखलं," लंकाबाई डोळे पुसत म्हणाली. "नियम म्हंजे नियम. मग माझी खिचडी वळखा आन मी जाते पाण्याला." ती कळशीला हात घालायला गेली आणि पुन्हा खाली बसली. "अगं पण पाणी तर तूच आणून ठेवलंस की!"

पुन्हा सगळ्या हसल्या. ठमाबाईला त्या भरलेल्या कळशीचासुद्धा राग आला.

उपास नव्हता तो एकट्या तुकाबाईला. तिनं डबा पुढं ओढला, एक वडी भाकरीवर ठेवली, खाल्ली आणि काही न बोलता दुसरी घेतली. तिसरीला म्हणाली, "लई झ्याक. आमच्यात पाव्हण्याला बकरू कापत्यात, पण ह्याच्यापुढं बकरू काय न्हाई."

लंकाबाईला राहवेना. तिनं डबा उचलला, नाकाला लावला आणि डोळे मिटून श्वास ओढला. "वास घेतल्यानं उपास मोडतो का गं ठमे? तू सांग, तुला सारं माहिती."

"न्हाई मोडत," ठमाबाई दात आवळून म्हणाली.

"मग दे हिकडं," भागू म्हणाली आणि तिनंही डबा नाकाशी नेला.

असा शेवटी ठमाबाईचा डबा हातोहात फिरला, नाकाला लागला. फक्त ओळखायचं काही उरलं नव्हतं. तिनं स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही. चुकलं तिथून पुढं पाळायचं, असं तिनं ठरवलं होतं. लंकाबाईनं आपली निम्मी खिचडी तिच्यापुढं केली. ती गोळा झालेली होती. लंकाबाईची खिचडी नेहमीच गोळा होते, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत ठमाबाईनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आज जिभेवर आलं होतं. तिनं ते खिचडीबरोबर गिळलं.

पुन्हा खुरपी हातात घेताना लंकाबाई म्हणाली, "उद्या सावड तुझ्या वावरात ना? मग मासवडीच आण, चौघींची. रस्सा पण कर. आमी काय नुसता वासच घ्यायचा का?"

"उद्या शुक्रवार हाय. शेपू असतो."

"शेपू तुझ्या रखमाजीला घाल. आमाला मासवडी."

"मावशी, मी नुसत्या भाकरी घेऊन येते," भागू म्हणाली.

"आन खेळ?" ठमाबाईनं विचारलं.

"खेळ व्हणारच की," लंकाबाई खाली वाकून गवत उपटत म्हणाली. "सुरुवात सोप्यापासनं. ठमे, उद्या तुझी मासवडी. कळशी घासून ठिव."

ठमाबाईच्या खुरप्यानं एक चांगला कांदा मुळासकट वर आला. तो तिनं परत मातीत दाबला आणि पुढं सरकली.

उन्हं कलल्यावर चौघी वावरातून बाहेर पडल्या. घरी जाऊन देवापुढं नाक घासायचं होतं, ते धोतर खिळ्यावरून ओढून काढायचं होतं, चंद्र उगवायच्या आत नैवेद्य करायचा होता. पण बेसनाचा डबा सकाळीच खरवडून झाला होता आणि तीळही संपले होते. तिठ्यावर तिघी वस्तीकडं वळल्या आणि ठमाबाई एकटी दुकानाकडं निघाली, बेसन आणि तीळ आणायला.