दाराबाहेरच्या बाई

बाईंना थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं. त्या दिवसानंतर त्या प्रयोगशाळेच्या दारातून आत आल्या नाहीत.

अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत अणुवीज केंद्राजवळच्या गावांतलं पाणी येतं, विहिरींचं आणि खाडीचं. त्यातली किरणोत्सारिता मोजायची. असली तरी ती अगदी कणभर असते. गाळ किंवा मीठ राहिलं तर मोजणी फसते, म्हणून आधी पाणी उकळून त्याची वाफ थंड करून घ्यायची. हे काम बाईंचं, मी त्यांच्या हाताखाली. मी आच वाढवली की म्हणायच्या, "घाई असेल तर खाली जाऊन रिक्षा पकड. इथे नको." माझ्या हातात कायम पुस्तक. त्यावर, "वाच गं, पण एक डोळा फ्लास्कवर असू दे."

कुणाच्या मनगटावर अंधारात चमकणारं जुनं रेडियमचं घड्याळ दिसलं, तर त्याचे किरण मोजणीत मिसळू नयेत म्हणून बाई ते बाहेर काढून ठेवायला लावत. साहेबांनाही सोडलं नाही. आयोडीननंतर तोच नियम त्यांनी स्वतःला लावला. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. बाई दिंडोशीहून आल्या आणि पॅसेजमधल्या बाकावर बसल्या.

"डॉक्टरांनी सोडलंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"माणसांत बसायला सोडलंय. आपल्या मशीनला मी अजून चालणार नाही. पूर्ण स्वच्छ झाले की येते."

मग त्या रोज येऊ लागल्या. मी दार किलकिलं करून विचारायची, "बाई, विहिरीचं पाणी फार गढूळ आलंय."

"मग काय, तुरटी फिरवणार आहेस? आधी गाळून घे."

दाराच्या काचेपलीकडून त्या तळहात खाली दाबत. म्हणजे आच कमी कर.

आजार फुप्फुसात उतरला. आयोडीन पुन्हा घ्यावं लागलं. "चला, परत पहिल्यापासून," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज बसत चालला होता. एकदा साहेब बाहेर आले. "बाई, आज मोजणी बंद ठेवतो. घटकाभर आत येऊन बसा. तुमचं टेबल आहे तसंच आहे."

बाई उठल्या. दारापर्यंत आल्या. काचेतून बराच वेळ टेबलाकडे बघत राहिल्या.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "त्या गावांतल्या बायका आज पाणी भरायच्या थांबल्यात का?"

त्यानंतर त्यांना घराबाहेर पडवलं नाही. दिवाळीआधी त्या गेल्या.

बाटल्या अजून येतात. बाईंचं काम आता मी एकटी करते.