चालून राहिलेला राजा

मंडईमागच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांचा गोष्टींचा वर्ग भरतो. तो चालवतात सुहासिनीबाई. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, त्यांचं लाल पेन मात्र झालं नाही. लग्नपत्रिका हातात पडली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासणार, मग मुलगा कुणाचा ते बघणार. लोक त्यांना आमंत्रण द्यायला घाबरतात म्हणे. असं सांगणारे त्यांचे यजमान श्यामरावच, तेव्हा खरं असावं.

वर्गातली पाटीसुद्धा बाईंच्याच अक्षरातली: 'गोष्ट चालू असताना मध्ये बोलू नये. बोलायचेच असेल तर घर आहे.'

त्या शनिवारी दुपार पेंगुळलेली होती. मंडईतला पेरूंचा वास जिना चढून वर आला होता आणि छताचा पंखा डुलक्या घेत होता. गोष्ट सांगायला मुक्ताई उभी राहिली. वाशीमहून नुकतीच आलेली मुलगी, वडील स्वारगेटला गॅरेजात. तिने डोळे मिटले.

"एक राजा होता. त्याले लागली तहान. तो नदी हुडकाले निघाला. राजा चालून राहिला, चालून राहिला, चालून राहिला..."

मुलं नकळत डोलायला लागली. एरवी खिडकीला लोंबकळणारा सौमित्रही खाली बसला.

"चालून राहिला नाही गं," बाई म्हणाल्या, "चालत होता."

मुक्ताईने डोळे उघडले. "होता? म्हंजे थांबला?"

"थांबला कशाला? चालत होता."

"होता म्हंजे आता नाही न चालत."

"बाई, ही बोलून राहिली!" सौमित्र ओरडला आणि वर्ग खिदळला. मध्ये बोलून बाईंनीच दाराला फट पाडली होती, टिंगल तिथूनच आत शिरली. मुक्ताई ओठ घट्ट मिटून खाली बसली. राजा राहिला वाटेत, तहानलेला.

पुढच्या शनिवारी ती आली, पण बोलली नाही. "पुढं काय झालं गं?" बाईंनी विचारलं. तिने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाई आडव्या झाल्या, तर राजा डोळ्यांपुढे हजर. काळ्या मातीची लांबच लांब वाट, मिशांवर धूळ, एक पाय हवेत तसाच उचललेला.

"अहो, चला ना पुढं," बाई म्हणाल्या.

"कसा चालू?" राजा शुद्ध पुणेरीत म्हणाला. "आपणच सांगितलंत, चालत होता. नदी ऐकू येतेय, पण पाय खाली टेकत नाही."

बाईंनी त्याच्या ओंजळीवर तांब्या उपडा केला. पाणी काही खाली पडेना.

"अहो, माझ्यामुळे एक राजा रस्त्यात उभा आहे!" त्या दचकून उठल्या.

"मग ट्रॅफिक पोलिसाला कळवा," श्यामराव कूस बदलत म्हणाले. "आणि राजाच हवा असेल तर इथं आहे. त्याला अजून चहा मिळालेला नाही."

बाईंनी चहा टाकला खरा, पण तो उकळून उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. सगळी मुलं मला सारखी, असं त्या जन्मभर म्हणत आल्या होत्या. सारखी म्हणजे माझ्यासारखी, असा तर नव्हता ना आपला अर्थ?

शनिवारी बाई खुर्ची सोडून मुलांच्या गराड्यात सतरंजीवर बसल्या. "आज मी सांगते. एका राजाला लागली तहान. तो नदी शोधायला निघाला. राजा चाल... चालून... राहिला."

"बाई, चुकलात!" सौमित्र उडालाच.

"पाटी वाच. मध्ये बोलू नये. मी बोलले होते, तेव्हा चुकले होते." मग त्या मुक्ताईकडे वळल्या. "चालून राहिला, चालून राहिला. पुढचं मला कुठं ठाऊक? पोचला का गं तो?"

मुक्ताई सतरंजीवर पुढे सरकली.

"तुम्ही नुसतं म्हणून राहिल्या, बाई," ती म्हणाली. "त्याले चालवा लागते. असं." आणि ती डोळे मिटून डोलू लागली. "चालून राहिला..."

"चालून राहिला," मुलांनी धरलं. सगळ्यांत मोठा आवाज सौमित्रचा. पंखा डुलला, पेरूंचा वास डुलला, सतरंजीची काळ्या मातीची वाट झाली आणि बाईंना दिसलं, हवेतला तो पाय अलगद खाली टेकला.

"आली नदी," मुक्ताई कुजबुजली. "राजानं ओंजळ भरली. थंडगार पानी!"

बाईंच्या जिभेवर 'ण' आला होता. राजाच्या पहिल्या घोटाबरोबर त्यांनी तो गिळून टाकला.