सात ते दोन सिस्टर

आमच्या साडूंइतका नियमाने वागणारा माणूस साऱ्या आखातात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये अशी माझी मेहुणी देवाजवळ प्रार्थना करत असे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे, कतारच्या एका सरकारी खात्यात सर्व्हेअर. ऐंशी सालच्या आगेमागे आम्ही दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीत एकाच व्हिलाच्या दोन भागांत राहत होतो, त्यामुळे त्यांच्या नियमांचा लाभ मला भिंतीपलीकडूनही होई. वाळवंटात चहूकडे चिटपाखरू नसलं तरी वळण्याआधी ते गाडीचा सिग्नल देत. "कुणासाठी देताय?" मी एकदा विचारलं. "वळतोय म्हणून देतोय," ते म्हणाले. वशिला हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. माझ्या लायसन्ससाठी त्यांच्या ओळखीच्या एका माणसाकडे नुसता विषय काढा म्हटलं, तर पुढचे आठ दिवस त्यांनी त्या माणसाला रामराम करणंच सोडून दिलं.

अशा माणसाची जीप एका मोजणीच्या कामावर वाळूत कलंडली आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी पाठवताना खात्याने सरकारी खर्चाने एक मदतनीस दिला. केरळचा शांत माणूस होता. साडूंनी त्याला प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहून खाली सही करायला लावली, वर सहीतलं अक्षर सुधारायला सांगितलं. चौथ्या दिवशी तो शांतपणेच निघून गेला. दुसरा दोन दिवस टिकला. शेवटी खात्याचे साहेब, एक दिलदार कतारी गृहस्थ, स्वतः घरी आले आणि म्हणाले, "घरातलंच माणूस नेमू या. पगार सरकार देईल."

"माझ्याच नवऱ्याचं करायचं आणि वर पगार घ्यायचा?" ताई कानकोंडी झाली. मेहुणीला मीही ताईच म्हणत असे. लग्नाआधी ती नाशिकला शाळेत शिकवायची. दोह्याला आली ती व्हिशावर 'नोकरीस परवानगी नाही' असा शिक्का घेऊन, आणि दहा वर्षं त्या शिक्क्याखालीच राहिली. साहेबांनी परवानगीचं बघितलं आणि पंधरा दिवसांत तिच्या स्वतःच्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं. ते तिने दोनदा वाचलं आणि चांगल्या साड्यांच्या घडीत ठेवून दिलं.

ड्यूटी सकाळी सात ते दुपारी दोन. साडूंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की या वेळात ती सरकारी सेवक, बायको नव्हे. मग भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागलं, "सिस्टर, उशी जरा वर घेता का?" आणि दोनच्या ठोक्याला, "अगं, चहा टाक!" ताईने दोन दिवस हसून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटवला. साडूंनी पेजेतल्या मिठावरून तोंड सोडताच ती म्हणाली, "पेशंटने स्टाफशी वाद घालायचा नसतो. दोननंतर बोला." साडू गप्प बसले, आणि दोन वाजता बरोबर त्याच वाक्यापासून भांडण पुढे सुरू केलं.

पुढे साहेब खजूर घेऊन पाहणीला आले. सगळं ठीक आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

"मंगळवारी सिस्टर वीस मिनिटं उशिरा आल्या," साडू म्हणाले.

"कुठून?"

"स्वयंपाकघरातून."

साहेब इतके हसले की त्यांना डोक्यावरचा रुमाल सावरून घ्यावा लागला. ताई मात्र पदराने तोंड झाकून पुटपुटली, "यांच्याच पुऱ्या तळत होते हो!"

पण काम तिने असं केलं की पडून पडून पाठीला एकही जखम झाली नाही. कुशीवर वळवणं, स्पंजिंग, पायाचे व्यायाम, प्रत्येक व्यायाम तीसपर्यंत मोजून. डॉक्टरने तिला विचारलं, "तुमचं ट्रेनिंग कुठल्या इस्पितळात झालं?"

साडू काठी घेऊन चालू लागले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खात्याला पत्राने कळवलं, की आता मदतनिसाची गरज उरलेली नाही. ताईने ते पत्र वाचलं. "खरंच आहे," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती नेहमीसारखी आवरून पलंगाशेजारच्या खुर्चीत येऊन बसली. पलंग रिकामा होता. ती तशीच बसून राहिली, आणि साडू दारातून तिच्याकडे बघत राहिले.

नऊ वाजता त्यांनी माझं दार ठोठावलं. "गाडी काढ. साहेबांकडे जायचंय."

"कशाला?"

"वशिला लावायला."

साहेबांच्या थंडगार खोलीत काठीवर रेलून उभा असलेला हा माणूस घामाने भिजला होता. "माझ्या पत्नीला काम द्या," तो म्हणाला. "ती माझी पत्नी आहे म्हणून सांगत नाही. मी तिचा पेशंट होतो म्हणून सांगतोय."

साहेबांनी त्यांना आधी खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, "उम्म सलाल मोहम्मद गावात दोन-तीन घरांत म्हातारी माणसं अंथरुणावर आहेत. त्यांच्या मुलीसुनांना सरकार असाच पगार देतं, पण कसं करायचं हे त्यांना दाखवणारं कुणी नाही. बघतो, इन्शाल्ला." ज्या शब्दावर तारीख नाही त्याच्यावर साडूंचा कधी विश्वास नव्हता. पण महिनाभरात ताई आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊ लागली, खुणांनी आणि मोडक्यातोडक्या अरबीत शिकवू लागली, आणि घरी येऊन साडूंनाच "यल्ला, उठा!" म्हणू लागली.

पुढे आम्ही दोहा सोडलं. त्या दोघांची आठवण निघाली की मला एक दुपार दिसते. कामावरून परतताना मी उम्म सलालमधून चाललो होतो. एका घरासमोर बोरीच्या सावलीत साडूंची गाडी उभी होती. घरातले पुरुष त्यांना मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, कहवा प्यायला बोलवत, पण ते कधी आत जात नसत. ते आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवत होते. मग शेजारची सीट त्यांनी हाताने झटकली. तेवढ्यात ताई बाहेर आली. घरातल्या लेकीने तिचा हात धरून ठेवला होता, सोडायला तयार नव्हती. साडू दुखरा पाय सांभाळत उतरले, गाडीचं दार उघडून धरलं, आणि त्या दोघींचं बोलणं संपेपर्यंत उन्हाच्या झळांत तसेच उभे राहिले. मी हॉर्न वाजवणार होतो. पण हात मागे घेतला आणि गाडी हळूच पुढे काढली.