आबांनी वाढवलेली मुदत

आबा गेल्याचा फोन आला, तेव्हा माझा हात आधी पर्सच्या तळाशी गेला. किल्ली होती. नखाएवढी, फ्लॉपीच्या खाचेला लावायच्या कुलपाची. परत करायची राहून गेलेली...

आबा म्हणजे साताऱ्याच्या आमच्या कारखान्यातले सुरक्षा अधिकारी. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. पेन्शनवर दोन मुलींचं शिक्षण भागेना, म्हणून गेटवर उभे राहिले. मी संगणक विभागात होते. कुंडलला आमचं घर चळवळीतलं, जेवणाच्या पाटावर ताटाआधी ओल्या शाईची पत्रकं वाळत पडलेली असायची, तेव्हा नियम दिसला की मोडायचा, एवढंच मला ठाऊक.

एकदा कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस शिरला आणि सगळे संगणक आठवडाभर आजारी पडले. कंपनीने प्रत्येक यंत्राला कुलूप लावलं. फ्लॉपी आत-बाहेर न्यायची, तर आबांच्या वहीत नोंद: नाव, कारण, मुदत. रोजचा हिशेब मुख्य कचेरीला पाठवायचा असल्याने मला कुलपाची किल्ली आणि सवलत मिळाली, तीही तीन महिन्यांची. मी भडकले. "आबा, काम रोजचं आहे, मग सवलत कायमची द्या की!"

"पोरी, आमच्याकडं कोकरासाठी कुंपनाच्या काट्या सरकवल्या, की सरकवनाऱ्यानं तितंच हुबं ऱ्हायाचं. काट्या परत लावूपतुर. उघडून निगून गेला, तर लांडगा काय परवानगी इचारतोय व्हय?"

मला पटलं नाही. त्याच रात्री पत्रक लिहिलं: कामगाराची पिशवी तपासता, साहेबांची बॅग का नाही? सकाळी गेटवर वाटलं. आबांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "झ्याक लिवलंयस. चूक आमची हाय."

संध्याकाळी त्यांनी खुद्द मॅनेजरसाहेबांची गाडी अडवली. बॅगेत चार फ्लॉप्या निघाल्या. साहेब म्हणाले, "माझ्या नावावर कायमची परवानगी लिहून टाका."

"कायमचं लिवाया रकाना न्हाई, साहेब. तारीख सांगा."

"उद्यापासून घरी बसायचंय का तुम्हाला?"

पाळी सुटून गेटवर पन्नास माणसं थांबलेली. पत्रक माझं आणि नोकरी जाणार आबांची! आबांनी मात्र टोपी सारखी केली, वही पुढे धरली. "बसतो की. पन त्येचीबी तारीख घाला. किती दिस बसायचं?"

आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग सगळे. शेवटी साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी आठ दिवसांची मुदत घातली, सही केली आणि नवव्या दिवशी आबा त्यांच्या केबिनच्या दारात हजर... "साहेब, मुदत सपली."

त्या दिवसापासून मी आबांच्या बाजूची झाले. नियम कुणासाठी वाकतो आणि किती दिवस, हे चारचौघांत लिहून ठेवणं, हे माझ्या पत्रकांपेक्षा मोठं काम होतं. मी नोकरी सोडली, तेव्हा किल्ली पर्सच्या अस्तरात अडकून माझ्याबरोबरच आली. फोन केला, तर आबा म्हणाले, "आसू दे. मुदत वाढिवतो." मला वाटलं, गंमत.

परवा आटपाडीला भेटायला गेले. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ट्रंकेतून ती वही काढली. जुनी झाली म्हणून कंपनीने आबांना देऊन टाकलेली. शेवटच्या पानावर माझं नाव आणि खाली दर तीन महिन्यांनी नवी तारीख, नवी सही. ते यंत्र भंगारात गेलं, आबा निवृत्त झाले, तरी नोंद चालूच. एका ठिकाणी कारणही: 'पोरगी लिवन्यात गुतली आसंल.'

"म्या म्हनायची, आवं, कंपनी सुटली, आता कसलं कुलूप?" आक्का हसत म्हणाल्या. "तर म्हनायचे, किल्ली भाईर हाय तवर सवलत चालू हाय."

शेवटची मुदत पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला संपते. मी किल्ली तिथेच ठेवायला निघाले, तर आक्कांनी माझा हात मागे सारला.

"आज कशापायी? पंधराला आन. जमा म्हनून सही म्या करीन... पन तारीख चुकवू नगंस."